आजोबांच्या पोथीला सेलोटेप लावायच्या आधी जरा थांबा

आमच्या घरी एक पोथी आहे, सुट्या पानांची, हाताने केलेल्या जाडसर कागदावर काळ्या शाईने लिहिलेली, वर-खाली दोन लाकडी फळ्या आणि भोवती लाल कापडाचं बासन. दसऱ्याला पूजेला निघते आणि परत कपाटात जाते. पंधराएक वर्षांपूर्वी काकांच्या लक्षात आलं की चार-पाच पानं कडेने फाटलीयेत, आणि काका माणूस कामसू, एका रविवारी बसून त्यांनी सगळ्या फाटक्या कडांना सेलोटेप लावला, दोन्ही बाजूंनी, कात्रीने अगदी सरळ कापून. घरात सगळ्यांनी कौतुक केलं, मी पण केलं. आज त्या टेपचं प्लास्टिक वाळून सुटून पडलंय, त्याचा चिकट डिंक कागदात मुरलाय आणि तिथे तपकिरी तेलकट पट्टा उरलाय, पलीकडच्या बाजूनेही दिसणारा. फाटकी पानं पणजोबांच्या काळापासून जशी होती तशी टिकली होती, दुरुस्त केलेली पंधरा वर्षांत गेली.

शेवटी ती पोथी एका कॉन्झर्वेटर, म्हणजे जुन्या वस्तू जपून दुरुस्त करणाऱ्या, बाईंकडे नेली. त्यांनी आधी काकांना (काका बरोबर आले होते, अपराधी चेहऱ्याने) चहा दिला आणि म्हणाल्या की माझ्याकडे येणारं निम्मं काम हे कुणीतरी आधी प्रेमाने केलेलं काम उलटं करायचंच असतं. त्या निमित्ताने जे कळलं, काही त्यांच्याकडून, काही स्वतः चुका करून, ते इथे लिहितोय. घरात जुनी पुस्तकं, मोडी कागद, फोटो, पैठणी, देवाचे टाक असं काही असेल तर उपयोग होईल.

आधी हातात काय आहे ते ओळखा

सगळे जुने कागद सारखे नसतात. हस्तलिखित पोथ्या आणि पेशवाईतली मोडी कागदपत्रं बहुतेक हातकागदावर असतात, आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद प्रसिद्ध होता, जुन्नरचाही होता. हा कागद चिंध्यांच्या किंवा तागाच्या लांब धाग्यांचा, त्यामुळे चिवट. कोरडा राहिला आणि किड्यांपासून वाचला तर दोन-तीनशे वर्षांनंतरही पान उलटताना कडकड वाजत नाही. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा यंत्रावरचा कागद आला, त्यात लिग्निन हा लाकडातला पदार्थ असतो, वर शाई पसरू नये म्हणून तुरटीचं खळीकाम, त्यामुळे कागदात आम्ल तयार होत राहतं आणि कागद आतूनच जळतो, पिवळा, मग तपकिरी, मग कोपरा हातात येतो. म्हणून गंमत अशी की घरातली 1780 ची पोथी धडधाकट असते आणि 1950 ची कादंबरी मरायला टेकलेली. जास्त काळजी कुणाची घ्यायची हे वयावर ठरवू नका.

शाईचंही बघा. पोथीची काळी शाई म्हणजे काजळी आणि डिंक, ती उन्हाने उडत नाही पण ओल्या फडक्याने सरळ पुसली जाते. ओळींमधली लाल अक्षरं, दंड, समासाच्या रेघा हिंगुळाच्या किंवा गेरूच्या असतात. आणि कधी एखाद्या शब्दावर पिवळा लेप दिसतो, तो हरताळ. लिहिणाऱ्याकडून चूक झाली की त्यावर हरताळ फासून अक्षर झाकायचे, आपला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग आहे, विष, त्यामुळे असली पोथी हाताळून तसंच जेवायला बसू नका आणि थुंकी लावून पान उलटायची सवय तर आजच सोडा. ही सवय आपल्याकडे इतकी आहे की जुन्या पुस्तकांचे खालचे उजवे कोपरे बघा, सगळे काळपट.

पोथ्यांच्या शेवटी लेखकू, म्हणजे पोथी नकलून लिहिणारे, एक श्लोक लिहून ठेवायचे, बऱ्याच जणांनी ऐकला असेल, 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्', तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधणीपासून वाचवा, आणि पुढे पुस्तक स्वतःच म्हणतं की मूर्खाच्या हाती देऊ नका. मला आधी वाटायचं ही नुसती पद्धत म्हणून लिहिलेली ओळ. पण तेल म्हणजे आपलं निरांजन, पूजेत पोथीवर वाकून ओवाळताना पडणारा थेंब, पाणी म्हणजे गळका माळा, आणि सैल बांधणी का, तर बासन घट्ट नसलं की पानं एकमेकांवर घासतात, वाकतात, आणि हवा-ओल-किडे सगळं आत जातं. चौथं कोण ते आमच्या घरात कुणी बोलून दाखवलं नाही, काकांचा मान आहे.

काय करू नका

सेलोटेप झाला. फेव्हिकॉल लाकडाला उत्तम आहे, पुस्तकाच्या पाठीला नाही, वाळला की कडक होतो, पान वळलं की त्याच्या शेजारी कागद तुटतो, आणि नंतर तो काढणं फार जिकिरीचं. लॅमिनेशन तर अजिबात नको. गावाकडची सातबारापासून पणजीच्या पत्रापर्यंत सगळी कागदं झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणणारे लोक मला माहितीयेत, आणि हेतू चांगलाच असतो, पण गरम रोलरखाली प्लास्टिक कागदात वितळून बसतं, ते परत निघत नाही, आणि आतलं आम्ल आत कोंडून कागद तसाच जळत राहतो. कागद प्लास्टिकमध्ये ठेवायचाच असेल तर तीन बाजूंनी मोकळा असा पारदर्शक पॉलिएस्टरचा पाकीट-फोल्डर मिळतो, त्यात नुसता सरकवून ठेवा. पीव्हीसीचा नको, तोच जो उन्हाळ्यात वास मारतो आणि छपाई ओढून घेतो.

मग बाइंडर. हे जरा सविस्तर सांगतो कारण इथे माझी स्वतःची चूक आहे. आजीचं रोजच्या वाचनातलं एक छापील पुस्तक होतं, पाठ सुटलेली, पानं मोकळी. मी ते एका बाइंडरकडे दिलं, चार दिवसांत मस्त लाल रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरात नाव टाकून परत आलं. घरी येऊन उघडलं तर आजीने समासात पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा, कुठल्या एकादशीला कुठपर्यंत वाचलं, कोण आजारी होतं, त्या निम्म्या गायब. तिन्ही बाजूंनी कटिंग केलं होतं. बाइंडरचा दोष नाही, कडा सरळ करणं हे त्याच्या कामातलं पहिलं पाऊल, मी त्याला सांगितलंच नव्हतं. जुनं कव्हर पण त्याने टाकून दिलं, त्यावर आजोबांची सही होती. तेव्हा साध्या बाइंडरकडे देणार असाल तर दोन गोष्टी तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून द्या, कटिंग करायचं नाही आणि जुनं एकही कव्हर, कागद, दोरा टाकायचा नाही. आणि समासात काही लिहिलेलं असेल तर देऊच नका. शिवाय बरेच बाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडा लागू नये म्हणून, आणि किडा लागतही नाही, पण तांब्याचे क्षार जुन्या कागदाला हळूहळू कमजोर करतात.

ऊन दाखवायची पद्धत पण आहे आपल्याकडे, पावसाळा संपला की पुस्तकं गच्चीवर. कपडे-गाद्यांना ठीक, पुस्तकाला थेट ऊन नको, शाई उडते, कागद पिवळा पडतो, पुठ्ठे वाकतात. सावलीत, पंख्याखाली, वारा लागेल असं दोन-तीन तास ठेवा, तेवढं पुरतं.

घरच्या घरी काय करता येतं

बरंच करता येतं. पहिली लढाई दमटपणाशी, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी धरते, साधारण 45 ते 55 च्या आसपास असली तर उत्तम, पण जुलैत रत्नागिरीला 55 म्हणजे स्वप्नच, तेव्हा निदान चढ-उतार कमी ठेवा. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं, घ्या एक, कपाटात ठेवा, मला त्याने कळलं की आमच्या घरातली सगळ्यात वाईट जागा म्हणजे मी अभिमानाने पुस्तकं लावलेली ती बाहेरच्या भिंतीलगतची शेल्फ. कपाट भिंतीपासून चार-सहा बोटं पुढे, जमिनीपासून वीतभर वर. माळा नको, बाथरूमला लागून असलेली भिंत नको, देवघराच्या खालचा कप्पा नको. लोखंडी कपाट वाळवीच्या दृष्टीने चांगलं, पण पावसाळ्यात आतून घाम धरतं, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या रंग बदलल्या की तापवून परत वापरायच्या, कायमच्या ठेवून विसरायच्या नाहीत.

किड्यांसाठी डांबरगोळ्या सगळे टाकतात. त्यांची वाफ श्वासाला चांगली नाही आणि कपाटात गोळ्या सरळ पुस्तकावर पडून डाग पडतात, मी सोडून दिल्या. वेखंडाचं मात्र मला बरं वाटतं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, जिथे सरफोजीराजांचा संग्रह आहे आणि मराठी हस्तलिखितंही ढिगाने आहेत, तिथे वेखंड, काळं जिरं, लवंग, मिरी, दालचिनी, कापूर यांच्या भुकटीच्या पुरचुंड्या ठेवायची जुनी पद्धत आहे. फक्त एक, भुकटी किंवा कडुनिंबाची पानं पुस्तकाच्या पानांत घालायची नाहीत, तेलाचे हिरवट डाग पडतात, मलमलच्या पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात, आणि सहा महिन्यांनी बदलायची. हे किड्यांना लांब ठेवतं, आत शिरलेले मारत नाही.

आत शिरलेले मारायला डीप फ्रीझर. हे मला आधी खोटं वाटलं होतं. पुस्तकात बारीक गोल भोकं आणि खाली भुशासारखी ताजी पावडर दिसली म्हणजे आत अळी जिवंत आहे. पुस्तक झिपच्या पिशवीत, हवा काढून, दुहेरी बंद करून उणे 18 च्या खाली जाणाऱ्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक अख्खा दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार पुस्तकावर दव धरेल आणि एक संकट घालवून दुसरं आणाल. काचेवरचे फोटो, रंगवलेली चित्रं, लाखेची लाकडी वस्तू यांना फ्रीझर नाही. आणि घरच्यांना सांगून ठेवा, आमच्याकडे आईने मटार समजून एक पिशवी बाहेर काढली होती.

साफसफाईला मऊ रुंद ब्रश, रंगवायचा चालतो पण नवा, पुस्तक घट्ट मिटून धरायचं आणि पाठीकडून बाहेरच्या कडेकडे धूळ झटकायची. ओलं फडकं नाही, कोलीन नाही. बुरशी असेल तर मास्क लावून घराबाहेर, आणि आधी ती वाळू द्या, ओल्या बुरशीवर ब्रश मारला की ती कागदात सारवली जाते. लोखंडी टाचण्या, यूपिन, रबरबँड हे सगळं काढून टाका, स्टेपलरची पिन गंजून अडकली असेल तर ओढू नका, खालून पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून दोन्ही टोकं हळूच सरळ करा. हातमोजे लागतात का असं सगळे विचारतात, कागदाला नाही, धुऊन पुसलेले कोरडे हात चांगले, सुती मोज्यात पानाचा पातळपणा कळत नाही आणि पान फाटतं. फोटो आणि धातूला मात्र मोजे घाला, बोटांचे ठसे वर्षांनी उमटतात.

पोथीचं बासन बदलायचं असेल तर लाल आलवणाचा मोह आवरा किंवा आधी चार-पाच वेळा धुऊन बघा रंग जातो का. कोरं मांजरपाट, खळ निघेपर्यंत उकळून धुतलेलं, ते सगळ्यात बरं, त्यावर पाहिजे तर लाल गुंडाळा, देवाचं मन राखायला.

फोटो, फ्रेमा आणि रविवर्म्याच्या लक्ष्म्या

जुन्या फ्रेममध्ये फोटो काचेला चिकटलेला असणं हे घराघरातलं दुखणं आहे, ओल आत गेली की जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला धरतो. तो ओढून काढायचा नाही. नेटवर पाण्यात भिजवायचे व्हिडिओ आहेत, कधी निघतोही, कधी आजोबांचा चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकट तसाच, आडवा, स्कॅन करा किंवा चांगला फोटो काढा, मग कॉन्झर्वेटरला दाखवा. नवीन फ्रेम करताना काच आणि फोटोमध्ये जाड कागदाची खिडकी, म्हणजे माउंट, सांगा, म्हणजे अंतर राहील. मागे प्लायवूड किंवा तो तपकिरी पुठ्ठा नको, आम्लरहित बोर्ड मागा, फ्रेमवाला तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम, वरून प्लास्टिकचा पडदा असलेले, लग्नाचे फोटो बहुतेक त्यातच आहेत, ते सगळ्यात घातक. फोटो सहज सुटत असतील तर आत्ताच काढून घ्या, सुटत नसतील तर न-फ्लेवरचा डेंटल फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा, खालून हळूहळू करवतीसारखा फिरवा, तरी अडलं तर थांबा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, बॉलपेन पलीकडे उमटतं. नावं मात्र लिहाच, आमच्याकडे एका फोटोत अकरा माणसं आहेत आणि नऊ कोण आहेत ते सांगणारी आत्या दोन वर्षांपूर्वी गेली.

राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली चित्रं, 1894 ला मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला तो, अजून कितीतरी देवघरांत आहेत, काहींवर घरच्या बायकांनी जरी-टिकल्या लावून साडी सजवलीये. लोक ती 'साफ' करून घ्यायला बघतात. त्या टिकल्या काढू नका, चित्राचा तोच इतिहास आहे. तसंच पोथीवरच्या हळदीकुंकवाच्या बोटांचं, मला ते डाग काढायचे होते, बाई म्हणाल्या का काढायचे, शंभर वर्षं कुणीतरी पूजा केल्याची ती नोंद आहे, फक्त कुंकू पाण्याने पसरतं म्हणून त्या पानांना ओलं काम करायचं नाही.

पैठणीचं थोडक्यात. हँगरला नको, जरीच्या वजनाने रेशीम खांद्यावर फाटतं. घडीची जागा दर तीन-चार महिन्यांनी बदला, नाहीतर घडीवरच रेघेसारखी चिरते, जागा असेल तर मलमल गुंडाळलेल्या जाड नळीवर गुंडाळून ठेवा. सेंटचा फवारा अंगावर घेताना साडी नेसायच्या आधी घ्या. जुनी खरी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, म्हणून ती काळी पडते, ती घासू नका, आणि दारावर येणाऱ्या जुनी जर घेणाऱ्याला देऊ नका, तो साडी जाळून चांदी काढतो. देवाच्या टाकांचंही तेच, पातळ चांदीच्या पत्र्यावर उठावाचं काम असतं, दर सणाला पावडरीने घासून घासून खंडोबाचा चेहरा सपाट झालेले टाक मी पाहिलेत. वर्षातून एकदा, मऊ सुती कापडाने, नुसतं पुसून. टूथपेस्टमध्ये बारीक घासकण असतात, ती नको.

पाणी शिरलं तर

22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी भरलं तेव्हा तिथल्या जुन्या वाचन मंदिरातली हजारो पुस्तकं गेली. 2019 ला सांगली-कोल्हापूरकडे तर घराघरात हेच झालं. अशा वेळी लोक सगळ्यात आधी पुस्तक उघडून उन्हात टाकतात. ओलं पुस्तक उघडू नका, फुगलेली पाठ तिथेच तुटते. चिखल असेल तर मिटलेलं तसंच धरून बादलीतल्या स्वच्छ पाण्यात हलकं बुडवा (हाताने लिहिलेलं असेल तर हे करू नका). मग थोडं निथळू द्या, उभं करा, पंखा लावा, दर पंधरा-वीस पानांमागे कोरा शोषणारा कागद घाला, छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. तुमच्याकडे साधारण दोन दिवस आहेत, तेवढ्यात आपल्या हवेत बुरशी येते. पुस्तकं जास्त आणि माणसं कमी असतील तर पिशवीत घालून थेट फ्रीझरमध्ये, गोठलेलं पुस्तक जसंच्या तसं थांबतं आणि मग आठवड्याला दोन अशी सवडीने वाळवता येतात. फोटो एकावर एक चिकटले असतील तर वाळू देऊ नका, स्वच्छ गार पाण्यात ठेवा, आपोआप सुटतील तेवढे सोडवा, चित्राची बाजू वर करून वाळवा. हेअर ड्रायर नाही, इस्त्री नाही.

कॉन्झर्वेटरकडे जाताना

कुठे विचारायचं? मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे. पुण्यात भांडारकर संस्था 1917 पासून हस्तलिखितं सांभाळतेय, भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून, तिथे निदान योग्य माणूस कोण ते कळतं, आणि मोडी कागदात नेमकं काय लिहिलंय हेही. इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या संवर्धन प्रयोगशाळा देशात बऱ्याच ठिकाणी आहेत. सरकारी पातळीवर लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, इथे शिकलेले लोक स्वतंत्रपणे काम करतात, तर खासगी माणूस गाठलात तर तुम्ही शिकलात कुठे हे मोकळेपणाने विचारा, खरा माणूस रागावत नाही.

जायच्या आधी प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, पानांची मोजदाद करा, लांबी-रुंदी, काय फाटलंय काय गहाळ आहे ते वहीत लिहा. नेताना ताठ पुठ्ठ्यांमध्ये, आडवं. आणि स्वतः ठरवा की तुम्हाला काय हवंय, रोज वाचायचं आहे, दाखवायचं आहे का नुसतं टिकवायचं आहे, कारण तीनही कामं वेगळी आणि खर्च वेगळा.

चांगला कॉन्झर्वेटर पहिल्या दिवशी काहीच करत नाही. तो वस्तूची स्थिती लिहून देतो, मग काय करणार, काय करणार नाही, कुठलं साहित्य, किती दिवस, आणि हस्तलिखिताचं असेल तर बहुधा पानामागे दर. कामाला हात लावायच्या आधी शाईचा एक बारीक ठिपका तपासतो, पाण्यात पसरते का. शाई टिकत असेल तर आम्ल घालवायला कागदाला कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं पाणी देतात, म्हणजे आपली चुन्याची निवळी, मला हे ऐकून फार मजा वाटली. शाई पाण्यात जाणारी असेल तर बिनपाण्याची रसायनं वेगळी असतात. फाटलेल्या कडांना जपानी टिश्यू, तुतीच्या धाग्यांचा, इतका पातळ की खालचं अक्षर वाचता येतं, आणि चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ. पूर्वी आपल्याकडे शिफॉनचं कापड दोन्ही बाजूंनी चिकटवायचे, अनेक सरकारी दप्तरांत अजून दिसतं. बुरशीवर थायमॉलची धुरी द्यायचे, म्हणजे ओव्याचं सत्त्व, आता तिचा वापर कमी झालाय.

तुम्ही विचारायचा मुख्य प्रश्न एकच, तुम्ही जे लावाल ते उद्या दुसऱ्या कुणाला काढता येईल का? यावर गोलमोल उत्तर आलं तर वस्तू उचला आणि चहाचे आभार मानून घरी या. 'नव्यासारखं करून देतो' हेही वाक्य ऐकलं की सावध व्हा. आमच्या पोथीचे टेपचे डाग पूर्ण गेले नाहीत, बाईंनी आधीच सांगितलं होतं की फिके होतील, जाणार नाहीत, जास्त हट्ट केला तर शाई जाईल. तो प्रामाणिकपणा मला पैशांपेक्षा मोलाचा वाटला.

पैशांचं म्हणाल तर सगळं घर भरून दुरुस्त करायला जाऊ नका. आम्ही यादी केली, एकच असलेलं, हाताने लिहिलेलं, आणि आत्ता जिवंत कीड किंवा बुरशी असलेलं, या तीन गोष्टी आधी. छापील पुस्तक दुसरीकडे कुठे मिळत असेल तर नुसत्या चांगल्या डब्यात ठेवा, मापाचा आम्लरहित पुठ्ठ्याचा डबा हा सगळ्यात स्वस्त उपचार आहे.

आणि मुलं परदेशात असतील आणि 'पोथी-मूर्ती तिकडे नेतो' म्हणत असतील तर जरा थांबा. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि महत्त्वाचं हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुनं, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा स्कॅन पाठवा.

वस्तू परत घेताना आधीचे-नंतरचे फोटो, केलेल्या कामाचा कागद, आणि काढून टाकलेलं सगळं एका पाकिटात मागून घ्या, जुना दोरा, कव्हरचे तुकडे, अगदी सेलोटेपही. आमचं पाकीट आता काकांच्याच कपाटात आहे. दर दसऱ्याला पोथी पूजेला निघते, निरांजन दोन हात लांब, ओवाळणी लांबूनच, आणि बासन परत बांधायच्या आधी काका चष्मा लावून फळ्यांच्या खाली, कोपऱ्यात, भुशाची पावडर पडलीये का ते बघतात. दिसली तर पिशवी, फ्रीझर, दोन आठवडे, आणि मटार खालच्या कप्प्यात.